धुराचे तोंड कुठे आहे? डिझेलच्या धुराविषयी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात कामाच्या जागी होणाऱ्या त्रासांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत डिझेलच्या धुराची तक्रार इतक्या वेळा आली की या वेळचे सदर त्याच विषयाला देणे योग्य वाटले. उसाचा ट्रॅक्टर, द्राक्षाचा कंटेनर, घाटातला ट्रक, वीज गेल्यावर सुरू होणारा जनरेटर आणि दुष्काळी तालुक्यांतल्या विहिरीवरचे इंजिन, अशी या भागातली कितीतरी कामे डिझेलवर चालतात. त्यामुळे पत्रे वेगवेगळ्या धंद्यांतली असली तरी दुखणे एकच आहे. बहुतेकांनी औषध कोणते घ्यावे, असे विचारले आहे. माझा आग्रह असा की औषधाच्या आधी एक गोष्ट पाहावी: इंजिनाचा धूर ज्या नळीतून बाहेर पडतो तिचे तोंड कुठे आहे आणि त्या तोंडासमोर कोण उभे आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे यजमान कराडजवळच्या एका गॅरेजमध्ये एकोणीस वर्षे ट्रक आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतात. त्यांचे वय ४४ आहे. सकाळी खाकरल्यावर काळा बेडका पडतो आणि संध्याकाळी डोके ठणकते. रविवारी मात्र डोके दुखत नाही. गॅरेजचे मालक सर्वांना चारच्या चहाबरोबर गुळाचा खडा देतात आणि त्याने छातीतला धूर धुऊन निघतो असे सांगतात. हे खरे आहे का? यजमान बिडीही ओढतात, तेव्हा दोष बिडीचा समजायचा की गॅरेजचा? कोणती तपासणी करून घ्यावी?
(एक भगिनी, ता. कराड)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आपण सहज लिहून गेला आहात, ते म्हणजे रविवारी डोके दुखत नाही. कामावर वाढणारा आणि सुट्टीत उतरणारा त्रास कामाच्या जागेकडे बोट दाखवतो. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले होते की रोग्याला इतर सर्व प्रश्न विचारताना त्याचा धंदा कोणता, हेही विचारावे. तीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात ‘नोकरी’ एवढाच शब्द लिहिलेला मी रोज पाहते आणि मला त्याचे वाईट वाटते. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा यजमानांनी आपण कोणते काम करतो, किती वर्षे करतो आणि बंद शेडमध्ये इंजिन दिवसातून किती वेळ चालू असते, हे स्वतःहून सांगावे.

डिझेलचा धूर म्हणजे वायू आणि काजळी यांचे मिश्रण. वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिन हे असतात. डोळे चुरचुरणे, घसा धरणे, डोके जड होणे हे मुख्यतः त्यांचे काम. काजळीचा कण म्हणजे कार्बनचा अतिसूक्ष्म दाणा असून त्याच्या अंगाला न जळलेल्या इंधनाची आणि ऑइलची रसायने चिकटलेली असतात. यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात. आपल्या डोक्याचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. नाक आणि मोठ्या श्वासनलिका त्यातल्या त्यात जाड कण अडवतात आणि तेच सकाळी काळ्या बेडक्यातून बाहेर पडतात. म्हणजे आपल्याला जे दिसते ते शरीराने अडवलेले असते. खरी चिंता त्या कणांची, जे न दिसता फुप्फुसांच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत जाऊन बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले होते आणि जून २०१२ मध्ये त्याला थेट पहिल्या, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या गोष्टींच्या गटात घातले. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत तोच हा गट. या निर्णयाच्या सुमारास अमेरिकेतील आठ खाणींमधल्या १२,३१५ कामगारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात अतिशय धुरात काम केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका कमी धुरात काम केलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. हे वाचून घाबरून जाऊ नका. ते कामगार जमिनीखालच्या बंदिस्त जागेत डिझेलच्या यंत्रांबरोबर वर्षानुवर्षे राबले होते आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात हवा त्याहून पुष्कळ खेळती असते. शिवाय ‘धोका वाढतो’ याचा अर्थ रोग होणारच असा नाही. मात्र धोका धुराच्या मात्रेबरोबर आणि वर्षांबरोबर वाढत जातो, म्हणून आजपासून कमी केलेला प्रत्येक तास हिशोबात जमा होतो.

आता गुळाविषयी. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि काजळी श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोन्ही वाटा गळ्यापाशीच वेगळ्या होतात. खडा चघळल्याने लाळ सुटते, घसा ओला होतो, खवखव थांबल्यासारखी वाटते, आणि यातूनच हा समज गिरण्या, खाणी आणि गॅरेजांत रुजला असावा. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रात १९९० च्या दशकात उंदरांवर या विषयाचे प्रयोग झाले होते आणि फुप्फुसांतले धुळीचे कण हलण्यास गुळाने मदत होते असे त्यांत दिसले होते, परंतु उंदरांवरचा तो प्रयोग म्हणजे माणसाची फुप्फुसे स्वच्छ होतात याचा पुरावा नव्हे. गूळ जरूर खावा, आपल्या कराड-पाटणकडचा गूळ तर चवीला उत्तमच. पण मालकांनी त्या खड्याला शेडच्या झरोक्याचा पर्याय मानू नये. हळदीचे दूध, केळे, तुळशीचा काढा यांनाही हेच लागू आहे.

दोष बिडीचा की गॅरेजचा, हा प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो. फुप्फुसांत दोन्ही धूर एकत्रच जमतात, तिथे त्यांची वाटणी होत नाही. बिडी सोडणे हा यजमानांच्या हाती असलेला सर्वांत मोठा उपाय आहे आणि त्यात दिरंगाई नको. परंतु ‘तो बिडी ओढतो’ एवढे म्हणून मालकाने शेड जशीच्या तशी ठेवावी, हे मला अजिबात मान्य नाही. अशा माणसाला गॅरेजचा धूर अधिक बाधतो, म्हणून त्याच्यासाठी शेड सुधारण्याची निकडही अधिक आहे.

तपासणी म्हणाल तर डिझेलचा धूर किती गेला हे दाखवणारी नेहमीची रक्ततपासणी नाही. छातीच्या एक्स-रेमध्येही सुरुवातीचे बदल दिसत नाहीत. उपयोगी पडते ती स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून फुप्फुसांची ताकद मोजण्याची चाचणी. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकता येते, हा त्यातला महत्त्वाचा आकडा. निरोगी प्रौढ माणसात तो वयाबरोबर दर वर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने कमी होतोच. त्याहून बरीच वेगाने घट होत असेल तर ते लवकर कळावे, म्हणून चाचणी दर वर्षी करावी आणि जुने कागद जपून ठेवावेत, कारण एका चाचणीपेक्षा दोन चाचण्यांमधला फरक अधिक बोलतो. बेडक्यात रक्त दिसले, वजन उतरू लागले, आवाज बसून तीन आठवडे सुटला नाही किंवा जिना चढताना नव्याने धाप लागू लागली, तर मात्र वर्षाची वाट न पाहता छातीच्या डॉक्टरांकडे जावे.

राहिले गॅरेज. या भागातल्या अनेक गॅरेजांत मी सारखेच दृश्य पाहिले आहे. तिन्ही बाजूंनी पत्रा, पावसाची झड येते म्हणून शटर अर्धे खाली ओढलेले, ट्रक तोंडाने आत घेतलेला. मेकॅनिक बॉनेटवर वाकून आवाज ऐकतो आहे, दुसरा पोरगा केबिनमध्ये बसून रेस देतो आहे आणि तिसरा गाडीखाली पाठीवर पडून नटाला पाना लावतो आहे. सायलेन्सरचे तोंड त्या तिसऱ्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. वर भिंतीला पंखा असतो, पण तो धूर बाहेर काढत नाही, शेडभर फिरवतो. गरम धूर पत्र्याखाली चढून साचतो आणि थंड झाला की पुन्हा खाली उतरतो.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. सायलेन्सरला उष्णता सोसणारा लवचीक पाइप जोडून तो भिंतीतून बाहेर सोडावा, शक्य असल्यास त्याला ओढणारा पंखा बसवावा. ज्या कामाला इंजिन चालू लागतेच असे नाही, तिथे ते बंद ठेवावे. रेस देऊन पाहायचे असेल तर गाडी अंगणात काढावी. एक्झॉस्ट फॅन बसवताना हवा माणसाच्या पाठीकडून गाडीकडे आणि तिथून बाहेर जाईल अशी जागा निवडावी, आणि पत्र्याच्या माथ्यावर धुराला वाट ठेवावी. गाडीखाली माणूस असताना इंजिन सुरू करायचे नाही, हा नियम तर कोणत्याही खर्चाविना उद्यापासून पाळता येतो.

तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. नाकावर नीट बसणारा, कडेने हवा न शिरणारा एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क काजळी बरीच अडवतो, परंतु एन-९५ तेलकट कणांसाठी बनवलेला नसतो, दाढीवर तो नीट बसत नाही आणि वायू तर त्यातून सरळ आत जातात. म्हणून मास्क हा शेवटचा आधार मानावा. जाता जाता एक गोष्ट : यजमान हात डिझेलने किंवा पेट्रोलने धूत असतील तर ती सवय मोडा. वापरलेल्या इंजिन ऑइलमधील काही रसायने त्वचेलाही घातक आहेत. साबण वापरावा आणि कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

प्रश्न : मी कराड ते चिपळूण मालट्रक चालवतो. कुंभार्ली घाटात पुढच्या गाडीचा धूर केबिनमध्ये भरतो. शिवाय उन्हाळ्यात एसीसाठी इंजिन चालू ठेवून केबिनमध्येच झोपतो. यात धोका आहे का?
(एक चालक, ता. पाटण)

उत्तर : घाटात पुढच्या गाडीच्या मागे चिकटून न राहता अंतर ठेवा, काचा बंद करा आणि हवा बाहेरून न घेता आतल्या आत फिरवण्याचे बटण लावा. घाट उतरल्यावर काचा उघडून केबिन मोकळी करा. इंजिन चालू ठेवून झोपण्यात धोका निश्चित आहे, विशेषतः जुन्या गाडीत, कारण सायलेन्सरचा पाइप कुठे फुटला असेल, जोडावरचे गॅस्केट गेले असेल किंवा गिअरच्या लिव्हरखालचे रबर फाटले असेल तर कार्बन मोनॉक्साइड झोपेतच आत येतो आणि त्याला वास नसतो. शेजारी दुसरी गाडी चालू उभी असेल तर आपली गाडी ठीक असूनही तेच घडू शकते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. हा निर्णय चालकांच्या हिताचा आहे, पण तो चालवण्याच्या वेळेसाठी आहे. झोप सावलीत, इंजिन बंद करून घ्यावी. सकाळी उठल्यावर डोके जड आणि मळमळ असेल तर ‘पित्त झाले’ असे समजून गोळी घेण्याआधी सायलेन्सरचे जोड तपासून घ्या.

प्रश्न : मी तासगाव भागातील एका शीतगृहात सुपरवायझर आहे. द्राक्षाच्या हंगामात डॉकवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटाला, कंटेनर तासन्‌तास चालू उभे असतात. आमचा १०० केव्हीएचा जनरेटर गोदामाच्या मागच्या खोलीत आहे आणि त्याचा पाइप खिडकीबाहेर काढलेला आहे. पॅकिंगच्या महिला डोके दुखते, उमासे येतात अशा तक्रारी करतात. त्यांतील एक गरोदर आहे. मालक म्हणतात की पाइप बाहेर काढला म्हणजे कायदा संपला. वस्तुस्थिती काय आहे?
(एक वाचक, ता. तासगाव)

उत्तर : प्रथम त्या गरोदर भगिनीचे काम आजच डॉकपासून दूर, स्वच्छ हवेच्या बाजूला हलवा. यासाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहू नका. कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तातून वारेमार्फत बाळापर्यंत पोहोचतो आणि बाळाच्या रक्तातून तो सावकाश उतरतो.

कायद्याविषयी सांगायचे तर १९४८ च्या कारखाने अधिनियमात शीतगृहातील साठवण ही उत्पादन प्रक्रियाच मानली होती. त्या अधिनियमाचे कलम १४ धूळ आणि धूर यांविषयी होते. एका जागी बसवलेल्या इंजिनाचा धूर उघड्या हवेत सोडलेला असल्याशिवाय ते चालवता येणार नाही आणि इतर कोणतेही इंजिन खोलीत चालवायचे असेल तर कामगारांना अपायकारक होईल इतका धूर साचू नये म्हणून परिणामकारक उपाय योजलेले असले पाहिजेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मालक या कलमाचा पहिला भाग सांगत आहेत. डॉकवर चालू उभे राहणारे कंटेनर दुसऱ्या भागाच्या अर्थात बसतात, त्याविषयी ते बोलत नाहीत. हा अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. धूळ, घातक वायू आणि धूर यांपासून मुक्त वातावरणाचा उल्लेख तिच्या कलम २३ मध्येही आहे. जुन्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या आठ तासांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) आणि नायट्रोजन डायऑक्साइडची ३ पीपीएम दिली होती. डिझेलच्या काजळीसाठी मात्र त्यात वेगळी ओळ नव्हती. युरोपीय संघाने ती घातली असून फेब्रुवारी २०२३ पासून तिथल्या सर्वसाधारण कामाच्या जागी हवेच्या एका घनमीटरमध्ये ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक मूलकार्बन, म्हणजे काजळीतला निव्वळ कार्बन, चालत नाही. आपल्याकडेही अशी मर्यादा यावी, असे मला मनापासून वाटते.

खिडकीबाहेर काढलेला पाइप पुरेसा नाही, कारण खिडकीच्या उंचीवर सोडलेला धूर वाऱ्याबरोबर शेजारच्या दारातून परत आत येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जनरेटरच्या धुराड्यासाठी साधे सूत्र दिले आहे. केव्हीएचे वर्गमूळ काढावे, त्याला ०.२ ने गुणावे, आणि जो आकडा येईल तितके मीटर धुराडे इमारतीच्या माथ्यापेक्षा उंच असावे. आपला जनरेटर १०० केव्हीएचा, म्हणजे वर्गमूळ १० आणि उंची २ मीटर. गोदामाच्या माथ्याच्या वर दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांहून थोडे अधिक. खिडकीपासून हे अंतर किती आहे, ते आपण स्वतः मोजा.

डॉकचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, कारण तिथे माणसे अधिक वेळ असतात. कंटेनर डॉकला रिव्हर्समध्ये लागतो, म्हणून त्याच्या मागच्या बाजूचा धूर नेमका शटरमधून आत येतो. गाडी लागल्याबरोबर इंजिन बंद, किल्ली सुपरवायझरकडे, हा नियम करा. कंटेनरमधील माल थंड ठेवायचा असतो हे खरे, परंतु त्याची कूलिंग यंत्रणा विजेच्या प्लगवर चालवता येते आणि डॉकवर तसा प्लग बसवणे मालकांना परवडण्यासारखे आहे. आत फिरणारी डिझेलची फोर्कलिफ्ट असेल तर तिच्या जागी बॅटरीची घ्यावी. शीतगृहात हवा जाणीवपूर्वक कोंडलेली असते, तिथे डिझेलच्या यंत्राला जागाच नसावी.

मालकांना पटवण्यासाठी यंत्र लागत नाही. डॉकच्या वरच्या ट्यूबलाइटवरून पांढरा ओला रुमाल एकदा फिरवा आणि आतल्या कार्यालयातल्या ट्यूबलाइटवरून दुसरा. दोन्ही रुमाल टेबलावर शेजारी ठेवा. भिंतीवर आणि वायरींवर काजळीचा थर, हवेत निळसर धूसरपणा, आणि कामगारांच्या डोळ्यांच्या व डोक्याच्या तक्रारी, या तीन खुणा एकत्र दिसल्या तर हवा बिघडलेली आहे असे समजून कामाला लागावे. त्यानंतर हवेची रीतसर मोजणी करून घ्यावी. मालकांनी तरीही ऐकले नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या आपल्या विभागातील कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीत पाइपची जागा, इंजिने चालू राहण्याचे तास, त्रास झालेल्यांची संख्या आणि तारखा लिहाव्यात. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले, लागू आस्थापनांतील कामगार राज्य कामगार विमा (ईएसआय) योजनेत येतात. त्यांनी त्या योजनेच्या दवाखान्यात दाखवावे, म्हणजे तक्रारीची नोंद वैद्यकीय कागदावरही राहते.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात मी हमाल आहे. ट्रकच्या मागे पाठीवर पोते घेताना धूर थेट तोंडावर येतो. चालकाला इंजिन बंद करायला सांगितले तर तो पीयूसी दाखवतो. पीयूसी असलेल्या गाडीचा धूर निर्धोक असतो का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीला रेस देऊन धूर किती गडद आहे, एवढेच पाहतात. त्यात नायट्रोजन डायऑक्साइड मोजला जात नाही आणि डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म काजळीही नीट कळत नाही. ती तपासणी रस्त्यावरच्या प्रदूषणासाठी आहे, सायलेन्सरसमोर पोते उचलणाऱ्या माणसासाठी नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकांना काजळीचा फिल्टर आणि युरियाची यंत्रणा असते, त्यांचा धूर पुष्कळ स्वच्छ असतो, परंतु काही जण खर्च वाचवण्यासाठी ती यंत्रणा बायपास करतात, आणि यार्डात जुन्या गाड्याही येतात. धुराचा रंग पाहून इतके ओळखता येते : काळा असेल तर इंजिनाला हवा कमी किंवा डिझेल जास्त जाते आहे, निळा असेल तर ऑइल जळते आहे, आणि पांढरा असेल तर थंड इंजिनातून न जळलेले डिझेल येते आहे. रंग नसला तरी वायू असतोच. आपण एकट्याने चालकाशी वाद घालू नका. टोळीच्या मुकादमामार्फत यार्डात ‘गाडी लागली की इंजिन बंद’ असा फलक लावून घ्या, आणि माथाडी मंडळात नोंद असेल तर तिथे लेखी मागणी द्या. पोते उतरवताना चालू इंजिनाची गरज कोणालाच नसते.

प्रश्न : आमच्या विहिरीचे पाणी खोल गेले आहे. गाळ काढण्यासाठी डिझेल इंजिन विहिरीत टप्प्यावर उतरवून पाणी उपसायचे आणि मग यारी (गाळ वर ओढण्याचे यंत्र) लावायची, असे ठरले आहे. वडील म्हणतात की कंदील सोडून पाहावा, कंदील विझला नाही तर उतरायला हरकत नाही. आमच्या पाहुण्यांत अशा कामात एक मृत्यू झालेला आहे, म्हणून विचारतो.
(एक तरुण शेतकरी, ता. आटपाडी)

उत्तर : आपण विचारलेत याबद्दल मी आपली ऋणी आहे. आजच्या सर्व पत्रांत याच पत्राचे उत्तर सर्वांत आधी टपालात टाकले.

इंजिन विहिरीत उतरवू नका. लोक ते का उतरवतात, हे मला ठाऊक आहे. वर बसवलेला पंप व्यवहारात सात-आठ मीटरपेक्षा खोलचे पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाणी खाली गेले की त्याच्यामागून इंजिन टप्प्याटप्प्याने खाली नेले जाते. पण विहीर ही एक उभी बंद खोली आहे. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच जड असतो, त्यामुळे तो आपोआप वर निघून जात नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. सायलेन्सरला लांब पाइप जोडून तो काठावर आणला तरी जोडांमधून गळती होते. इंजिन बंद केल्यानंतरही ही हवा विहिरीतच राहते, आणि अनेक दुर्घटना ‘इंजिन बंद पडले म्हणून पाहायला उतरला’ अशा वेळी घडतात.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला प्रथम डोके जड वाटते, मग पायांतली शक्ती जाते. धोका लक्षात येतो तेव्हा शिडी चढण्याचे बळ उरलेले नसते. वडिलांचा कंदील जुन्या अनुभवातून आलेला आहे आणि तो ऑक्सिजन फार कमी झाल्याचे दाखवतोही, परंतु कार्बन मोनॉक्साइड तो दाखवत नाही. माणसाचा जीव घेण्याइतका हा वायू हवेत असतानाही कंदील शांतपणे तेवत राहू शकतो. हे वडिलांना आदराने, पण ठामपणे सांगा.

पर्याय असा आहे. पाण्यात सोडण्याचा विजेचा पंप भाड्याने घ्या. वीज नसेल तर जनरेटर काठापासून निदान वीस-पंचवीस फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा, म्हणजे त्याचाही धूर विहिरीत उतरणार नाही. माणूस उतरण्याआधी आणि काम चालू असेपर्यंत ब्लोअरने ताजी हवा पाइपमधून थेट तळापर्यंत सोडत राहा. उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा आणि पट्ट्याला दोर असावा, दोराचे टोक वर दोघांच्या हाती असावे आणि दर काही मिनिटांनी हाक द्यावी. हाकेला उत्तर आले नाही तर विचार न करता ओढून घ्यावे. खाली सुरुंग उडवला असेल तर त्याच्या वायूंसाठीही हीच खबरदारी घ्यावी लागते.

आणि कोणी खाली कोसळलाच, तर त्याच्यामागे कोणीही उतरू नये. भाऊ पडला म्हणून भाऊ उतरतो, त्याच्यामागे शेजारी उतरतो, आणि एका घरचे दुःख तीन घरांचे होते. दोराने वर ओढा, ब्लोअर चालू ठेवा, १०८ आणि ११२ या क्रमांकांवर फोन करा. वर आणल्यावर मोकळ्या हवेत आडवे करा, श्वास थांबला असेल तर छाती दाबण्यास सुरुवात करा. रुग्णवाहिकेत मास्कने पूर्ण ऑक्सिजन सुरू करायला सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर सुमारे तास-दीड तासात तो निम्मा होतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनयुक्तच समजते आणि चेहरा उलट लालसर, टवटवीत दिसू शकतो. दवाखान्याच्या दारात पोहोचल्यावर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा : विहिरीत डिझेल इंजिन चालू होते.